गच्चीवरची दक्षिण

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून एका भगिनींचे पत्र आले. त्यांच्या सासऱ्यांनी हौसेने गच्चीवर सहा फुटी जाळीची डिश बसविली आहे. ती मोटरच्या साहाय्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरते आणि निरनिराळ्या उपग्रहांवरच्या विनामूल्य वाहिन्या घेते. गेल्या उन्हाळ्यात घराचा मजला वाढविला, डिश वरच्या गच्चीवर नेली आणि तेव्हापासून दुखणे सुरू झाले. त्या लिहितात, "मधले उपग्रह स्वच्छ येतात, टोकांचे येत नाहीत. कारागीर येतो, पूर्व दुरुस्त करून जातो, तर पश्चिम बिघडते. पश्चिम सुधारली की पूर्व जाते. मामंजी चिडतात, कारागीर आता फोन उचलत नाही. काय करावे?"

पत्र वाचून मी थोडा वेळ तसाच बसलो. हेच दुखणे आमच्या सांगलीच्या घरी मे महिन्यापासून नोव्हेंबरपर्यंत मुक्कामाला होते, आणि त्याचे मूळ मीच होतो. तेव्हा या खेपेस उत्तरादाखल आमच्या घरचीच हकीकत लिहितो.

आमच्या डिशचे मालक अण्णा, म्हणजे माझे थोरले बंधू. वय ८३. हळदीच्या अडतीत त्यांची हयात गेली, पण जीव रमला तो यंत्रांत. १९९१-९२ च्या सुमारास गावोगावी गच्च्यांवर मोठाल्या डिश उगवू लागल्या, तेव्हा पेठेतल्या पहिल्या काही डिशपैकी एक आमची होती. ती १०५.५ अंश पूर्व रेखांशावरच्या एशियासॅट-१ कडे तोंड करून बसलेली असे. या उपग्रहाची कथा अण्णा आजही पाहुण्यांना सांगतात, आणि ती व्यापाऱ्याच्या घरात सांगावी अशीच आहे. मुळात तो वेस्टार-६ नावाचा अमेरिकी उपग्रह. फेब्रुवारी १९८४ मध्ये सोडला, पण त्याचे इंजिन नीट पेटले नाही आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरात डिस्कव्हरी यानातील अंतराळवीरांनी त्याला पकडून पृथ्वीवर परत आणले. डागडुजी झाली, तो विकला गेला आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने पुन्हा आकाशात गेला. "आपण पाहिलेला पहिला उपग्रह परत आलेला माल होता," असे म्हणून अण्णा हसतात. त्या जागी आता दुसरा उपग्रह आहे, पण अण्णांच्या लेखी १०५.५ ही जागा म्हणजे माहेर.

पुढे त्यांनी डिशला मोटर जोडली. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचे गच्चीवर जाणे थांबले, परंतु सायंकाळी जेवण आटोपून दिवाणखान्यात बसावे, रिमोटची कळ दाबावी, वर गच्चीवर मोटरची घरघर ऐकावी आणि पडद्यावर दुसरा मुलूख उमटावा, हा त्यांचा नित्यक्रम राहिला. पायांनी जाणे सरले त्या माणसाला तेवढे हिंडणे उरले होते, ही गोष्ट मला नोव्हेंबरपर्यंत नीटशी उमगली नव्हती.

मे महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी डिश उतरवावी लागली. नवा कोबा झाल्यावर गवंड्याकडून खांब पुन्हा रोवून घेतला. खांब ओळंब्यात आहे की नाही हे मी दोन्ही बाजूंनी तपासले. मग खिशातले होकायंत्र काढले, कोब्यावर ठेवले आणि लाल ऑइलपेंटने दक्षिणोत्तर रेघ आखली. रेघ सुबक होती. मला तिचा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी बाजारामागच्या गल्लीतला तरुण कारागीर आला. अण्णांची डिश लहानपणी तो आपल्या वडिलांच्या बरोबर येऊन पाहत असे. त्याने रेघ पाहिली आणि विचारले, "काका, दक्षिण नक्की हीच ना?" मी म्हणालो, "मी स्वतः आखली आहे." त्यावर तो काही बोलला नाही. त्याने माझ्या रेघेवर माउंट बसविले.

येथे थोडे थांबून ही डिश फिरते कशी, ते सांगणे अवश्य आहे. त्यावाचून पुढचा घोळ समजणार नाही.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. त्या उंचीवर प्रदक्षिणेचा काळ पृथ्वीच्या एका फेरीइतकाच होतो, म्हणून ते आपल्याला एका जागी खिळल्यासारखे भासतात. १९४५ साली आर्थर क्लार्क यांनी ही कल्पना लेखातून मांडली, म्हणून त्या वर्तुळाला क्लार्क पट्टा असेही म्हणतात. आपल्या गच्चीवरून हा पट्टा पूर्वेच्या क्षितिजापासून दक्षिण आकाशात उंच चढून पश्चिमेच्या क्षितिजाकडे उतरणाऱ्या कमानीसारखा असतो. डोळ्यांना काही दिसत नाही, पण डिशला हीच कमान गिरवायची असते.

कमान गिरविण्याची युक्ती सोपी आहे. पोलर माउंट नावाच्या सांगाड्यात एक तिरपा आस असतो. तो पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवायचा, म्हणजे त्याचे उत्तरेकडचे टोक ध्रुवाकडे रोखलेले हवे. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितका आपला अक्षांश. सांगलीचा अक्षांश सुमारे १६.९ अंश, इचलकरंजीचा १६.७. तेव्हा आसाचा कल जवळजवळ १७ अंश. उपग्रह अनंत अंतरावर नसून तुलनेने जवळ आहेत आणि आपण विषुववृत्ताच्या उत्तरेस आहोत, म्हणून डिशला आसापासून आणखी थोडे दक्षिणेकडे झुकवावे लागते. हा झुकाव, ज्याला डिक्लिनेशन म्हणतात, आपल्याकडे २.९ अंश भरतो. एवढे दोन कोन आणि खरी दक्षिण जुळली की ३६ व्होल्टची एकच मोटर दांडा आत-बाहेर सरकवून डिशला साऱ्या कमानीवर फिरविते. वर-खाली करायला दुसरी मोटर लागत नाही.

आता आमच्या घरी काय झाले ते पाहा. ७४ अंशांचा उपग्रह लख्ख. ८३ अंशांवरच्या आपल्या देशी उपग्रहाच्या वाहिन्याही लागल्या, जरा अशक्त, पण लागल्या. ९३.५ वर चित्र चौकटी चौकटी होऊन फुटू लागले. १०५.५ वर काहीच नाही. पश्चिमेकडे ६६ अंश ठीक, ५७ अंश कधी येई, कधी जाई.

कारागिराने पूर्वेकडे डिश नेऊन उंचीचा नट फिरविला आणि १०५.५ आणला. खालून अण्णा ओरडले, "आलं!" मग ५७ वर नेली, तर तेथे अंधार. त्याने नट उलटा फिरविला. ५७ आला, १०५.५ गेला. जून, गणपतीनंतर एकदा, दसऱ्यापूर्वी एकदा, असे तीनदा तो आला आणि तिन्ही वेळा हाच खेळ झाला. तिसऱ्या खेपेस मी त्याला जे बोललो ते येथे लिहीत नाही. त्याची पंधराशे रुपये मजुरी मी रोखून धरली. काम झाले नाही, पैसे कशाचे?

दिवाळी आली. कागदोपत्री वर्ष मार्चात संपत असले तरी पाडव्यापूर्वी हमाल, कारागीर, टेम्पोवाले यांची देणी चुकती करण्याचा आमच्या घरचा जुना रिवाज आहे. यादी अण्णांसमोर ठेवली. त्यांची नजर त्या एका नावावर थांबली.

"याचे का राहिले?"

मी कारण सांगितले. अण्णा बराच वेळ यादीकडे पाहत राहिले. मग त्यांनी विचारले, "दक्षिण कुणी आखली होती?"

"मी."

"कशाने?"

"होकायंत्राने."

"टाकी कुठे आहे?"

प्रश्न एवढाच. मी गच्चीवर गेलो. हजार लिटरची टाकी लोखंडी अँगलच्या चौथऱ्यावर उभी आहे आणि माझी लाल रेघ त्या चौथऱ्याच्या पायथ्यापासून हातभर अंतरावर सुरू होते. होकायंत्र काढून त्याच जागी ठेवले. सुई रेघेवर आली. मग ते हातात घेऊन गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, लोखंडापासून दूर, कमरेच्या उंचीवर धरले. सुई सरकली. किती, ते डोळ्यांनी ठरविण्याचे धाडस आता मला नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी होकायंत्र बाजूला ठेवले आणि सूर्याला विचारले. मंदिरे बांधणारे आपले पूर्वज ज्या रीतीने दिशा काढीत, जी शुल्बसूत्रांतही आली आहे, ती रीत आजही गच्चीवर चालते. घड्याळही लागत नाही. सपाट जागी एक काठी ओळंब्यात उभी करावी. तिच्या बुडाशी दोरी धरून खडूने वर्तुळ काढावे, असे की सकाळी सावलीचे टोक वर्तुळाबाहेर असेल. सूर्य चढेल तशी सावली आखडते आणि तिचे टोक वर्तुळाला शिवून आत येते, तेथे खूण करावी. दुपारनंतर सावली लांबते आणि टोक वर्तुळ ओलांडून बाहेर जाते, तेथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम, तिच्यावरचा लंब दक्षिणोत्तर. माझ्या खुणा सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी आणि दुपारी दोन पंचवीसला पडल्या. मध्य काढला तर सव्वाबारा येतात, आणि नोव्हेंबरच्या आरंभी सांगलीचा खरा मध्यान्ह तेवढाच असतो.

येथे एक सावधगिरी. पुष्कळ लोक घड्याळात बारा वाजता पडणारी सावली म्हणजे उत्तर, असे धरून चालतात. आपले घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचे आहे आणि सांगली-कोल्हापूर त्याच्या सुमारे आठ अंश पश्चिमेस, म्हणजे आपला मध्यान्ह सरासरीने ३२ मिनिटे उशिरा होतो. त्यातही ऋतूप्रमाणे फरक पडतो. नोव्हेंबरात सव्वाबारा, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजतो. नोव्हेंबरच्या मध्यान्ही सावली एका मिनिटात जवळजवळ अर्धा अंश फिरते, तेव्हा पाव तासाची चूक म्हणजे सात अंशांची चूक. मे ते ऑगस्टच्या आरंभापर्यंत तर सूर्य मध्यान्ही आपल्या डोक्यावर किंवा उत्तरेला कललेला असतो, सावली टीचभर राहते, म्हणून हा प्रयोग हिवाळ्यातच करावा. रात्री ध्रुव दिसत असेल तर त्याचाही आधार घेता येतो, पण तो आपल्याकडे केवळ १७ अंश वर असतो आणि शहरात शेजाऱ्याच्या भिंतीआड जातो.

लंब आखून झाला. माझी लाल रेघ आणि ही पांढरी रेघ खांबापाशी एकत्र होत्या, आणि सहा फुटांवर त्यांच्यात पाच इंचांचे अंतर होते. हिशेब केला तर चार अंश. माझी दक्षिण पश्चिमेकडे चार अंश ढळलेली होती.

आता खरा प्रश्न असा, की चार अंशांची चूक असताना ७४ अंशांचा उपग्रह लख्ख कसा दिसला? कारागीरही याच प्रश्नाने फसला आणि इचलकरंजीचा कारागीरही बहुधा यानेच फसला असेल. उत्तर आपल्या भूगोलात आहे. ७४ अंशांचा उपग्रह आपल्याला जवळजवळ थेट दक्षिणेस, पण क्षितिजापासून ७० अंश उंच दिसतो. म्हणजे तो समोर कमी आणि डोक्यावर जास्त. दिवाणखान्यात बसून छताचा पंखा पाहायचा असेल, तर आपले तोंड कोणत्या भिंतीकडे आहे याला फारसे महत्त्व नसते. मान जराशी वळविली की पंखा दिसतो. पण कोपऱ्यातली खुंटी पाहायची असेल तर बसण्याची दिशा महत्त्वाची ठरते. मधल्या उपग्रहाच्या वेळी मोटरने डिश एखादा अंश इकडेतिकडे सरकवली की चुकीची दक्षिण झाकली जाते. मीटर पूर्ण भरतो आणि आपण समजतो, पाया बरोबर आहे.

टोकांना ही सवलत नाही. चार अंशांची चूक ८३ वर सुमारे पाऊण अंशाची राहते. सहा फुटी डिशची सी-बँडमधली नजर मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे दीड-दीड अंश पसरलेली असते, म्हणून तेथे चित्र येते, पण अशक्त. ९३.५ वर चूक दीड अंशाच्या काठावर पोचते, चित्र फुटते. १०५.५ वर ती सव्वादोन अंश होते आणि डिश उपग्रहाच्या खालून पाहत राहते. पश्चिमेकडे हेच उलट्या दिशेने होते, डिश ५७ च्या वरून पाहते. आमच्या घरची सारी लक्षणे या एका कोनातून निघाली होती. युरोपातल्या पुस्तिकांत या बाबीवर एवढा भर नसतो. तिकडे दक्षिणेचा उपग्रह ३० अंशांवर दिसतो, त्यामुळे दिशेची चूक मध्यावरच बरीचशी उघडी पडते. आपल्याकडे मधला उपग्रह ती लपवितो.

व्यापाऱ्याच्या घरात हे समजायला अवघड नाही. तेरीज जुळत नसेल आणि चूक आरंभीच्या शिलकेत असेल, तर मधल्या एखाद्या नोंदीत खाडाखोड करून एक खाते जुळविता येते, पण मग दुसरे फाटते. कारागीर उंचीच्या नटाने नेमके तेच करीत होता. फरक एवढाच, की आरंभीची शिलक मी लिहिली होती आणि तिच्यावर शंका घेण्याची सोय मी त्याला ठेवली नव्हती.

इचलकरंजीच्या भगिनींनी, किंवा त्यांच्या घरातल्या तरुणांनी, पुढील परीक्षा अवश्य करावी. डिश पूर्वेच्या टोकाला न्यावी. एकाने खाली मीटर पाहावा, दुसऱ्याने वर डिशची खालची कड हलक्या हाताने उचलावी. उचलल्याने डिशची नजर वर जाते, दाबल्याने खाली येते. उचलल्यावर गुणवत्ता वाढली तर डिश तेथे खाली पाहत आहे. मग पश्चिमेच्या टोकाला जाऊन हेच करावे. एका टोकाला उचलावे आणि दुसऱ्या टोकाला दाबावे लागत असेल, तर दक्षिण चुकली आहे, उंचीच्या नटाला हात लावू नये. पूर्वेला उचलावे लागते तर सारे माउंट खांबावर किंचित पूर्वेकडे वळवावे, पूर्वेला दाबावे लागते तर पश्चिमेकडे. दोन्ही टोकांना एकाच दिशेने, म्हणजे दोन्हीकडे उचलावे किंवा दोन्हीकडे दाबावे लागत असेल, तर दोष आसाचा कल आणि डिक्लिनेशन यांच्या वाटणीत आहे. मध्यावर दोहोंची बेरीज बरोबर असते, वाटणी चुकलेली असते. वळविताना हात जपून चालवावा. तीन इंची पाइपच्या घेरावर चार अंश म्हणजे जेमतेम तीन मिलिमीटर. नट ढिला करण्यापूर्वी खांबावर आणि माउंटवर पेन्सिलीने एक सलग खूण करून ठेवावी, म्हणजे परतीची वाट राहते.

खांब ओळंब्यात असणे ही त्याआधीची अट. ओळंबा एकाच बाजूने पाहून चालत नाही, काटकोनातल्या दोन बाजूंनी पाहावा. खांब कललेला असेल तर दिशा वळविताना उंचीही बदलत जाते आणि माणूस दिवसभर दोन नटांमध्ये येरझाऱ्या घालतो.

मीटरविषयी एक शब्द. रिसीव्हरवर दोन पट्ट्या असतात, एक ताकदीची, एक गुणवत्तेची. ताकद ऐंशी आणि गुणवत्ता शून्य, हे पाहून पुष्कळ जण उपग्रह जवळ आला असे समजतात. ताकदीची पट्टी केवळ एलएनबी जिवंत आहे, केबल तुटलेली नाही, एवढेच सांगते. कोऱ्या आकाशाकडे डिश केली तरी ती भरलेली असू शकते. गुणवत्तेची पट्टी पाहावी, आणि ती भरल्यावरही वाहिन्यांची नावे तपासावीत. शेजारच्या उपग्रहावर डिश बसवून तोच आपला, असे समजून पुढची सारी गणिते त्यावर रचलेली मी पाहिली आहेत.

सगळेच दोष दिशेचे नसतात. काल बरोबर असलेली जागा आज थोडी चुकते, उद्या आणखी चुकते, अशी तक्रार असेल तर दांड्याच्या आत फिरण्याचे ठोके मोजणारा रीड स्विच किंवा त्याची तार पाहावी. ठोका हुकला की पोझिशनरचा हिशेब चुकतो. पूर्वेकडून आल्यावर जागा बरोबर आणि पश्चिमेकडून आल्यावर चूक, तर बिजागऱ्यांत ढिलाई आहे. पावसाळ्यात दांड्याच्या नळीत पाणी शिरते. पाणी निथळण्याचे भोक खालच्या बाजूस आहे ना, ते पाहावे. केबलच्या टोकाचे एफ कनेक्टर उघड्यावर असतील तर हिरवे पडतात. ते बदलण्यास दहा मिनिटे लागतात, मात्र आधी रिसीव्हर बंद करावा. ऑक्टोबर २०२२ पासून देशात फाइव्ह-जी आले, त्याच्या ३३०० ते ३६७० मेगाहर्ट्झच्या लहरी सी-बँडच्या उंबरठ्याशी आहेत. जवळ टॉवर उभा राहिल्यापासून अनेक उपग्रह एकदमच अशक्त झाले असतील, तर एलएनबीच्या तोंडाशी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवून पाहावा. ज्यांच्याकडे केयू-बँडची लहान डिश आहे त्यांना मुसळधार पावसात चित्र जाते. त्यात कोणाचा दोष नाही. आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास व ऑक्टोबरच्या आरंभी काही दिवस, रोज ठरावीक वेळी, पाच-दहा मिनिटे चित्र गेले तर पाना हातात घेऊ नये. त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याचाच गोंगाट डिशमध्ये भरतो. आपल्याकडून ९३.५ अंशांसाठी ही वेळ सकाळी अकराच्या सुमारास येते. उलट, हा फुकटचा पडताळाच आहे. त्या क्षणी एलएनबीची सावली डिशच्या मध्यावर पडत असेल, तर डिश बरोबर पाहत आहे.

वयस्कर मंडळींनी कठड्यालगत उभे राहून हे उद्योग करू नयेत. मी ६७ वर्षांचा आहे, आणि मला घरातून ही ताकीद मिळालेली आहे.

पांढरी रेघ आखली त्याच संध्याकाळी मी बाजारामागच्या गल्लीत गेलो. कारागीर एका टीव्हीचे पाठचे झाकण उघडून बसला होता. मी पैसे पुढे केले आणि दक्षिणेची गोष्ट सांगितली. त्याने पैसे मोजले नाहीत, ड्रॉवरमध्ये टाकले.

"काका," तो म्हणाला, "दुसऱ्या खेपेलाच मी माझं होकायंत्र टाकीपास्नं लांब नेऊन बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो स्क्रू ड्रायव्हर पुसत राहिला. "तुम्ही म्हणाला होता, मी स्वतः आखलीय. आणि माझं होकायंत्र पन्नास रुपयांचं. मला वाटलं, चुकलं तर माझंच चुकलं असंल."

यावर मला काही बोलता आले नाही. तिसऱ्या खेपेस मी जे बोललो होतो त्याबद्दल मी त्याची क्षमा मागितली. तो संकोचला आणि रविवारी सकाळी येतो म्हणाला.

रविवारी त्याने खांबावर पेन्सिलीची खूण केली, नट ढिले केले आणि माउंट पांढऱ्या रेघेवर आणले. तीन मिलिमीटर. ७४ वर जाऊन मोटरची जागा नव्याने नोंदली. ८३ पूर्वीपेक्षा भरलेला. ९३.५ स्वच्छ. मग त्याने खाली हाक मारली, "अण्णा, आता एकशेपाचवर न्या!"

खाली कळ दाबली गेली असावी. दांडा हळूहळू बाहेर सरकू लागला, डिश पूर्वेकडे कलत गेली. घरघर थांबली. आम्ही दोघे गच्चीच्या जिन्याशी उभे राहिलो. थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग वहिनींचा आवाज आला, "अहो, सांगा की त्यांना!"

"आलं," अण्णा म्हणाले. ओरडले नाहीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले. "आता पश्चिमेला नेतो, थांबा तिथेच."